आधी शिर्के आजोबांच्या कानावर घाला

पैसे साठवायला माणसाचा जन्म जातो. किस्से मात्र नुसतं बसून साठतात! त्यांना ना पासबुक लागतं ना नॉमिनी.

आमच्या गोरव्याच्या सोसायटीत गेटच्या आत, लिंबाच्या झाडाखाली एक ओटला आहे. म्हणजे बसायचा सिमेंटचा कट्टा, पण बडोद्यात त्याला कट्टा कोणी म्हणत नाही. ऊन उतरलं की तिथे म्हातारी मंडळी बसतात आणि त्यांच्या पायाशी माझी ईशू खेळते. मी तिच्यावर लक्ष ठेवायला म्हणून उभी राहते आणि लक्ष सगळं त्यांच्या बोलण्याकडे. तेवढ्यात ईशू माती खाते!

मंडळी चारच. आधीच सांगून ठेवते, म्हणजे घोळ नको. एक माझ्या सासूबाई, त्यांना मी आई म्हणते. दुसऱ्या शेजारच्या कांताबेन, गुजराती, पण आमच्या संगतीने मराठी शिकल्यात, त्यांच्या पद्धतीने. तिसरे दामले काका, शाळेतून रिटायर झालेले, भजीसुद्धा शुद्ध मराठीत मागतात. चौथे शिर्के आजोबा, रेल्वेतले. डावा कान पूर्ण बंद, उजवा अर्धा.

चौघांच्या गप्पांचा विषय ठरलेला. दुखणी? नाही. सुना? मी समोर उभी असते म्हणून तोही नाही. विषय एकच, पैसे कुठे ठेवायचे म्हणजे आपण जायच्या आधी ते जाणार नाहीत!

* * *

माझं माहेर बुलढाण्याकडचं, शिक्षण सातवी. लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा गुजरातीतलं 'केम छो' आणि 'आवजो' एवढंच येत होतं. आवजो, म्हणजे 'परत या', मला फार आवडायचं. कोणी निघालं की म्हणायचं, आपण निघालो तरी म्हणायचं. एका शब्दात दोन्हीकडचं काम!

त्या दिवसांत वरच्या मजल्यावरच्या एक आजी वारल्या. तेव्हा आईंनी मला उठमणं म्हणजे काय ते सांगितलं. इकडे माणूस गेलं की एक दिवस ठरवून सगळे पांढऱ्या कपड्यांत जातात, थोडा वेळ गप्प बसतात, घरच्यांना हात जोडतात आणि निघतात. चहापाणी काही नाही.

पुढे थोड्याच दिवसांत एका सकाळी जिन्यातून कोणीतरी ओरडत गेलं, "कांताबेनवाळी फायनान्सनुं उठमणुं थई गयुं!"

आई लहरीपुऱ्याला बाजारात गेलेल्या. विचारायचं कोणाला? मला वाटलं, कांताबेनच्या नात्यातलं कोणी फायनान्सवालं माणूस गेलं. नवी सून, आपल्याकडून चूक व्हायला नको! आईंच्या कपाटातली पांढरी साडी काढून नेसले, मुगाची खिचडी टाकली आणि पातेलं झाकून शेजारी गेले.

घर माणसांनी भरलेलं, सगळ्यांच्या माना खाली. मला वाटलं, बरोबर ठिकाणी आले. कोपऱ्यात बसले, हात जोडले. पण हार घातलेला फोटो कुठे दिसेना. शेवटी बाजूच्या बाईला हळूच विचारलं, "फोटो कुठाय?"

कांताबेननी ऐकलं. "कोनो फोटो?"

"जे गेले त्यांचा."

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. आणि सकाळपासून रडणाऱ्या कांताबेन एकदम हसायलाच लागल्या. "जे गया ए तो मजामां छे, बेटा! मरी गया तो अमे!"

तेव्हा मला कळलं. कंपनी लोकांच्या ठेवी घेऊन बुडाली, पळाली, तर इकडे त्यालाही उठमणंच म्हणतात. कांताबेनच्या मिस्टरांनी जन्मभर जमवलेलं सगळं त्या कंपनीत होतं.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. घाईघाईने उठले आणि सवयीने म्हटलं, "आवजो!"

कांताबेननी डोळे पुसत माझा हात धरला. "वहू, उठमणामां आवजो नो कहेवाय. दुःखाला कोण परत ये सांगते?"

खिचडी मात्र त्यांनी ठेवून घेतली. नंतर कधीतरी आईंना म्हणाल्या, "ते दिवशी घरात गॅस पेटला नव्हता. तुमची येडी वहू आली नसती तर आमी उपाशी झोपलो असतो." अजून कोणाशी माझी ओळख करून देताना त्या हेच सांगतात. येडी हा शब्द गाळत नाहीत!

* * *

त्या कंपनीने ठेव ठेवली म्हणून कांताबेनना एक गिफ्ट दिलं होतं. पोळ्या गरम ठेवायचा डबा, लाल रंगाचा, झाकणावर कंपनीचं नाव. कंपनी गेली, डबा राहिला. नाव आता घासून घासून अर्धं गेलंय.

त्याच डब्यातून कांताबेन ओटल्यावर खमण आणतात. एकदा नवीन राहायला आलेल्या बाई म्हणाल्या, "डबा किती छान आहे हो! अजून वाफ निघतेय. कितीला घेतला?"

कांताबेननी त्यांच्या हातावर खमण ठेवलं आणि म्हणाल्या, "आख्ख्या म्हातारपणाला!"

* * *

ओटल्याचा नियम कसा झाला ते सांगते.

कांताबेन एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "मला एजंटनी सांगितलेलं, मासी, कोणाला बोलू नका, नजर लागेल. मी घरात पण नाय बोलली. एकटीनी सही केली, एकटी रडली."

आई म्हणाल्या, "मग आजपासून एकटीने काही करायचं नाही. ज्याला कुठे पैसे ठेवायचेत त्याने आधी इथे सांगायचं."

दामले काका म्हणाले, "नुसते सांगून काय होणार? आपण सगळेच भोळे."

"इथे म्हणजे शिर्के आजोबांच्या कानावर घालायचं," आई म्हणाल्या.

शिर्के आजोबांना कळलंच नाही की त्यांची नेमणूक झाली! पण आईंच्या डोक्यात वेगळंच होतं. आजोबांना काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, तेही दोनतीनदा. आणि आई म्हणतात ते खरं आहे, खोटं कानात कुजबुजता येतं, बोंबलून सांगायला लाज वाटते.

पहिला सापडला एक टायवाला मुलगा. गेटातून आला तो थेट शिर्के आजोबांच्या शेजारी बसला.

"आजोबा, दर महिन्याला खात्रीचं व्याज!"

"काय?"

"खात्रीचं! व्याज!"

"खात्री कोणाची?"

"कंपनीची!"

"अन् कंपनीची खात्री कोण देतंय?"

"कंपनीच!!"

हे त्याने इतक्या जोरात सांगितलं की गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबून खाली बघायला लागल्या. त्याने वर बघितलं, बायकांकडे बघितलं, टाय सैल केला आणि बारीक आवाजात म्हणाला, "आजोबा, पाणी मिळेल का?"

आजोबा म्हणाले, "हे बघ, हे कसं नीट ऐकू आलं!"

* * *

माझे सासरे नंदेसरीला केमिकल कंपनीत होते. ते अचानक गेले आणि त्यांचे फंडाचे पैसे आईंच्या नावावर आले. आमच्या घरात एकरकमी आलेला पैसा तेवढाच. माझ्या नवऱ्याची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर, आज आहे तर आहे. म्हणजे आईंच्या गुडघ्यांचं, डोळ्यांचं, पुढच्या सगळ्या वर्षांचं जे काही आहे ते त्यातच.

मी आणि आई बँकेत गेलो. टेबलावरचा पोरगा फार गोड बोलणारा, लगेच आईंना 'बा', म्हणजे आई, म्हणायला लागला. "बा, एफडीमध्ये काय ठेवता? हा आमचा प्लॅन बघा."

आईंनी शांतपणे माझ्या मोबाइलवरून शिर्के आजोबांना फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. "आमच्या भाऊंना तेवढं समजावून सांगा. मग करते सही."

त्याने सांगितलं. तिकडून "काय?" त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा "काय?" शेवटी तो खुर्चीतून उठून ओरडला, "दादा, पाच वर्षं पैसे काढता येणार नाहीत! हप्ता दर वर्षी भरायचा!"

शेजारच्या टेबलावर एक आजी त्याच प्लॅनवर सही करत होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पर्समध्ये टाकलं. पेन बँकेचं होतं!

* * *

तेव्हा आतून मॅनेजरबाई आल्या. मला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि सगळं नीट सांगितलं. सगळे पैसे एका ठिकाणी ठेवू नका, थोडे इथे, थोडे पोस्टात म्हाताऱ्या माणसांची योजना असते तिच्यात. बँकेतल्या ठेवीला एका ठरलेल्या रकमेपर्यंत विमा असतो. नॉमिनी लावा. आणि बँकेपेक्षा कोणी फार जास्त व्याज देतो म्हणाला तर आधी विचारा, तो एवढं आणतो कुठून?

बाईंचं नाव मला माहीत नाही. देवापुढे दिवा लावताना त्यांना 'केबिनवाल्या बाई' म्हणूनच आठवते. देवाला कळत असेल!

आई मात्र आईच. सगळं ऐकून घेतलं आणि उठताना विचारलं, "बाई, तुमचं स्वतःचं उठमणं नाही ना व्हायचं?"

बाई म्हणाल्या, "मावशी, माझ्या आईचे पैसेही इथेच आहेत. ती मला रोज हेच विचारते!"

* * *

एवढं होऊनही माझ्या जिवाला घोर लागायचा तो लागलाच. मी आहेच तशी. ईशू झोपली तर श्वास चालू आहे ना बघते, उठली तर एवढ्यात का उठली म्हणून कपाळाला हात लावून बघते. तसं मग बँकेचं सुरू झालं. ईशूला बालवाडीत सोडायला जाताना थोडा लांबचा रस्ता घ्यायचा आणि बँकेसमोर उभं राहून वर बघायचं.

एक दिवस वॉचमनने अडवलंच. "बेन, रोज काय बघता? काम असेल तर आत जा."

मी म्हटलं, "काम नाही. बोर्ड आहे का बघते."

तो बिचारा खूप हसला. पण त्यानंतर मी दिसले की स्वतःच लांबून हात वर करून सांगायचा, "छे, बेन, छे!" म्हणजे आहे, आहे. मी तिथूनच वळायचे. त्या माणसाने माझी कितीतरी पायपीट वाचवली!

* * *

दामले काकांची गंमत वेगळी. ह्या स्कीमवाल्या कंपन्या मोठ्या हॉटेलात म्हाताऱ्या माणसांना जेवायला बोलावतात, हे तुम्हाला माहीत असेल. आधी भाषण, मग थाळी. काका एकाही भाषणाला गैरहजर नसतात. पहिल्या रांगेत बसतात, मान हलवतात, जेवतात आणि घरी येतात.

कांताबेननी एकदा काळजीने विचारलं, "काका, कुठे सही तर नाय केली ना?"

"सही? मी बासुंदीची दुसरी वाटीसुद्धा विचार करून घेतो."

एका हॉटेलात तर दारातल्या मुलीने त्यांना ओळखलं. "काका, तुम्ही मागच्या कंपनीच्या जेवणालाही होतात ना?"

"होतो. ती कंपनी कुठे आहे आता?"

"ती बंद झाली, काका. म्हणून तर मी इथे लागले."

काकांनी हा प्रसंग ओटल्यावर सांगितला तेव्हा कांताबेन म्हणाल्या, "आता समजलं! काका, कंपन्या तुमीच जेवून जेवून बुडवता!"

* * *

आता शेवटचा किस्सा.

आईंच्या एका एफडीची मुदत भरत आली होती. त्याच सुमारास मागच्या बिल्डिंगमधले मितेशभाई आमच्याकडे यायला लागले. आले की आईंच्या पाया पडायचे, "मासी, मासी" करायचे, ईशूला चॉकलेट आणायचे. त्यांच्या फायनान्स कंपनीत व्याज बँकेच्या दुप्पट.

मी आईंना म्हटलं, "आई, केबिनवाल्या बाई काय म्हणाल्या होत्या?"

आई म्हणाल्या, "आठवतंय मला. पण बँकेच्या व्याजात ईशूची इंग्लिश शाळा बसत नाही. ह्याच्यात बसते. तू सातवीत घरी बसलीस. माझी नात बसायची नाही."

माझ्याच पोरीसाठी त्या करत होत्या. नको म्हणावं तर पोरीचं नुकसान. हो म्हणावं आणि उद्या बुडाले तर? ईशूची शाळा एखादं वर्ष पुढे ढकलता येईल, आईंचं म्हातारपण कसं ढकलायचं? दोन दिवस मनात हेच घोळवलं. शेवटी एवढंच म्हटलं, "आई, ओटल्याचा नियम तेवढा पाळा."

"तो तर पाळणारच!" आई म्हणाल्या.

मला हायसं वाटलं. शिर्के आजोबा आहेत, आता काळजी नाही!

संध्याकाळी मितेशभाई ओटल्यावर आले. मी आधीच सांगितलं, "जोरात बोलायला लागेल हं." त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्याने सुरुवात केली, "दादा! आमची कंपनी..."

शिर्के आजोबा दचकले. "अहो, ओरडता काय? बहिरा आहे का मी?"

आणि त्यांनी उजवा कान पुढे केला. कानात नवंकोरं मशीन! लेकीने सकाळीच बसवून दिलं होतं.

झालं. मितेशभाईंनी आजोबांच्या कानात अशी साखर ओतली की विचारू नका. आम्हाला एक शब्द ऐकू आला नाही. आजोबा मात्र मान डोलवत होते. "वा! किती दिवसांनी कोणी माझ्याशी हळू बोललं!"

"मग आजोबा, समजलं ना?" आईंनी विचारलं.

"सगळं समजलं. ऐकायला फार छान वाटलं."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मितेशभाई उठले. "मासी, मग उद्या ह्याच वेळेला चेक घ्यायला येतो. आवजो!"

सगळे म्हणाले, "आवजो!" ईशू सगळ्यांत जोरात. ती दूधवाल्याला आवजो म्हणते, गायीलाही आवजो म्हणते.

मी कांताबेनच्या दारात गेले. बोलायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. त्यांनी पदराने माझे डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी दुपारी लाल डबा घेऊन त्या आमच्याकडे आल्या आणि आईंच्या खोलीत जाऊन दार लोटून बसल्या. मी ईशूला वरणभात भरवत होते. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. कांताबेन निघून गेल्या तेव्हा त्यांचे हात रिकामे होते.

संध्याकाळी आई खोलीतून बाहेर आल्या आणि माझ्या हातातली वाटी खाली पडली. आईंच्या अंगावर पांढरी साडी! मी नवी सून असताना नेसले होते, तीच.

"आई! कोण गेलं?"

"ईशूला पांढरा फ्रॉक घाल आणि खाली ये," एवढंच बोलून त्या डबा घेऊन गेल्या.

मी धावत खाली आले. ओटल्यावर चौघंही पांढऱ्या कपड्यांत, माना खाली घालून, अगदी गप्प. शिर्के आजोबांनी मशीन काढून खिशात ठेवलं होतं. समोर प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीवर कांताबेनचा लाल डबा. डब्याला मोगऱ्याचा हार!

मितेशभाई आले. पांढरे कपडे बघितले आणि जागच्या जागी थबकले. बडोद्याचं माणूस, हात आपोआप जोडले गेले. बूट काढले, येऊन शिर्के आजोबांच्या बाजूला बसले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "दादा, कोण गेलं?"

"काय?"

"कोण गेलं?"

"काय?"

"कोण गेलं?" ते ओरडले. वरच्या गॅलऱ्यांतून बायका डोकावल्या.

तेवढ्यात त्यांची नजर डब्यावर गेली. हाराखालून झाकणावरचं अर्धं नाव दिसत होतं. ते त्यांनी वाचलं.

आई म्हणाल्या, "अजून कोणी नाही गेलं, भाई. पण तुमची कंपनी गेल्यावर तुम्ही कुठे सापडणार? म्हणून उठमणं आधीच ठेवलंय. बसा ना. चहा तेवढा मिळणार नाही, उठमण्याला चहा नसतो."

मितेशभाई थोडा वेळ बसले. मग उठले, रीतीप्रमाणे एकेकाला हात जोडले, आईंना जोडले, माझ्याही पुढे हात जोडून थांबले, बूट हातातच घेऊन निघाले. गेटाशी जाऊन एकदा मागे वळले.

ईशूने टाटा करायला हात वर केला आणि तोंड उघडलं. कांताबेननी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"ना, बेटा! उठमणामां आवजो नो कहेवाय!"